तालुक्याचं ट्रेनिंग, ऑनलाईन कोर्स की मासिक सभा?

‘ॲपचं ट्रेनिंग झालं का?’ असं आरोग्याच्या नोंदी भरायच्या ॲपबद्दल जिल्ह्यातून विचारलं की तालुक्याचं उत्तर ठरलेलं: झालं. हजेरीपट असतो, फोटो असतो, नाश्त्याचं बिलही असतं. मग पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर काही उपकेंद्रांसमोर शून्य दिसतं आणि फोनाफोनी सुरू होते. आशा आणि आरोग्य सेविकांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमच्या आरोग्य केंद्रासाठी यंदा काय करायचं हे ठरवत असाल, तर तिन्ही वाटांचा माझा हिशेब मांडते.

तालुक्याच्या हॉलमधल्या एका दिवसाच्या ट्रेनिंगला शंभर जणी, एक प्रोजेक्टर आणि एक मास्टर ट्रेनर. नवं ॲप येतं तेव्हा याला पर्याय नाही. लॉगिन आयडी वाटणं, ॲप टाकून घेणं, आता कोणतं रजिस्टर बंद आणि कोणतं चालू हे सगळ्यांना एकदमच सांगावं लागतं. पण पडद्यावर ट्रेनर बटण दाबतो आणि खाली सगळ्या माना डोलावतात, तेवढ्याने हात वळत नाही. एकदा शेवटच्या रांगेतल्या एका ताईंचा फोन हातात घेतला तर स्टोरेज भरलेलं, सगळं ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी. ॲप उतरलंच नव्हतं आणि दिवसभर त्या शेजारणीच्या फोनात बघत होत्या. सही मात्र झाली होती. शिवाय आशाताईंना पगार नाही, कामावर आधारित मोबदला आहे. तालुक्याला घालवलेला दिवस म्हणजे बुडालेल्या गृहभेटी, हेही खर्चात धरा.

दुसरी वाट ऑनलाईन कोर्सची. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण पोर्टलवर ‘आयगॉट’चे, म्हणजे सरकारी ऑनलाईन प्रशिक्षणाचे, कोर्स आले. आता आयगॉट कर्मयोगीवर सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ढीगभर कोर्स आहेत. वेळ आपली, प्रवास नाही, वर प्रमाणपत्र. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना (सीएचओंना) हे छान जमतं. त्यांचं पदवीपर्यंत शिक्षण झालेलं असतं आणि ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर डॉक्टरांशी बोलायची सवयही असते. ज्यांना मुळात फोनच चालवायला शिकायचंय त्यांना फोनवरूनच शिकवणं म्हणजे पोहायला येण्यासाठी आधी विहिरीत उडी मारा म्हणण्यासारखं आहे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर संध्याकाळी तो मुलाच्या हातात असतो. आणि अनेकदा कोर्स ताईंचा मुलगाच पुढे पुढे ढकलून संपवतो. मीही अशी प्रमाणपत्रं बघून खूश व्हायचे. केस चर्चेसाठी ‘इको’ पद्धतीची, म्हणजे तज्ज्ञ आणि कर्मचारी व्हिडिओवर एकत्र बोलतात ती, ऑनलाईन सत्रं चांगली, पण बटण कुठलं दाबायचं हे शिकायला ती नव्हेत.

माझं मत तिसऱ्या वाटेला, मासिक सभेला. सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला निकषाप्रमाणे 30,000 लोकसंख्या आणि हजाराला एक आशा, म्हणजे साधारण तीस जणी. त्या दर महिन्याला येतातच. अहवाल गोळा झाले की तासभर काढायचा, पाच-सहा जणींचे गट करायचे आणि प्रत्येकीने आपल्याच फोनवर, आपल्याच गावच्या एका खऱ्या लाभार्थीची एन्ट्री करायची. गटप्रवर्तक ताईंनी, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंनी, फक्त बघायचं. फोन हातातून काढून घ्यायचा नाही, हा नियम कडक. सगळ्यात जास्त मोडला जातो तोही हाच, कारण ‘द्या इकडे, मी करते’ म्हणणं दोन मिनिटांत संपतं.

आणखी एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. अशा तासाला कौशल्याची अडचण आणि यंत्रणेची अडचण वेगळी होते. आभा कार्डाचंच, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याच्या कार्डाचंच, घ्या. 14 आकडी क्रमांक तयार करायला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी जातो. लाभार्थी बाईंचं आधार नवऱ्याच्या नंबरला, नवरा पुण्याला कामावर, फोन उचलत नाही. ताईंना सगळं येतंय, तरी काम पेंडिंग. हॉलमधल्या ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न ‘ताईंना जमत नाही’ या खात्यात जमा होतो. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हाही तक्रार निकृष्ट फोनची आणि इंग्रजी ॲपची होती. तिथे कितीही ट्रेनिंग दिलं असतं तरी काय उपयोग?

तोटा? वेळ लागतो. तीन-चार सभा जाऊ द्याव्या लागतात आणि वरून आकडा मागितला की दाखवायला फोटो नसतो. गटप्रवर्तकांवर आधीच वीसेक आशांचा भार, त्यात हे. त्यांचा तो तास मोकळा करणं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात आहे. ते जमणार नसेल, तर ही वाट धरूच नका.

पैसा आणि दिवस मोजकेच असतील तर मी असं वाटेन: नव्या ॲपसाठी तालुक्याला अर्धा दिवस, सीएचओंना ऑनलाईन कोर्स, बाकी सगळं सभेत. वाचलेल्या नाश्त्याच्या पैशांत एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन-तीन चार्जर घ्या. आणि सभेच्या खोलीत रेंज येते का ते आधी बघा. आमच्याकडे ती फक्त लसीकरणाच्या खोलीच्या खिडकीपाशी यायची, शेवटी सतरंजी तिकडेच टाकली.