‘ओरिजिनल पीएक्स-१०’ म्हणून गळ्यात मारलेली सायकल

जाहिरात अशी होती : प्युजो पीएक्स-१०, १९७२ची, रेनॉल्ड्स ५३१ ट्यूब, सगळे भाग ओरिजिनल, गोवा सोडतोय म्हणून विकणे आहे, ४२ हजार. फोटोत पांढरी फ्रेम, लगांभोवती (ट्यूब जोडणाऱ्या बाह्यांभोवती) काळी रेघ, कोरी हँडल टेप. पर्वरीच्या एका गृहस्थांनी हणजूणला जाऊन ती पाहिली, गल्लीत एक फेरी मारली, यूपीआयने पैसे दिले आणि घेऊन आले. महिन्याभरात क्रँक (पेडलचा दांडा) कुरकुरायला लागला म्हणून म्हापशाच्या मेस्त्रीकडे दिली. तिथे सायकल सुटी केल्यावर जे निघालं ते इथे तपशिलात देतो आहोत. हरमल ते कळंगुट पट्ट्यात जुन्या परदेशी सायकली विकायला येत असतात, त्यातल्या बऱ्याच खरोखर चांगल्या असतात, आणि म्हणूनच खोटीही सहज खपून जाते.

पहिली गोष्ट, ती पीएक्स-१० नव्हतीच. ती त्याच फ्रेंच कंपनीची, प्युजोचीच, यूओ-८ होती. दोन्हींचा घाट दुरून सारखा दिसतो, पण पीएक्स-१० ही शर्यतीची सायकल : रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या, मजबूत पोलादी ट्यूबची फ्रेम, स्ट्राँगलाइटचे ॲल्युमिनियम क्रँक, माफाकचे ब्रेक, सिम्प्लेक्सचे डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग), वजन साधारण १० किलो. यूओ-८ ही रोजच्या वापराची, साध्या कार्बन स्टीलची, १२-१३ किलोची. यूओ-८ वाईट नाही, रायबंदर-जुने गोवे अशा सपाट रस्त्यावर ती उत्तम चालते. पण तिची किंमत पीएक्स-१०च्या जवळपासही जात नाही, आणि फसवणूक झाली ती नेमकी या फरकावर.

फरक ओळखायला स्टिकर पाहू नका. ५३१चं नवं छापलेलं स्टिकर कुणालाही मागवता येतं. सीट काढा आणि सीटपोस्ट व्हर्नियर कॅलिपरने मोजा. मेट्रिक रेनॉल्ड्स ५३१च्या फ्रेंच फ्रेमला २६.४ मिमीची सीटपोस्ट बसते. यूओ-८ला साधारण २४ मिमीची, कारण स्वस्त ट्यूबची भिंत जाड असते आणि आतली पोकळी तेवढी लहान होते. बाहेरून रंग कसाही द्या, हा आकडा बदलता येत नाही. पोस्टवर माप कोरलेलं असलं तरी मोजाच, कारण बारीक पोस्टला पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणारे आहेत. दुसरी खूण मागच्या चाकाच्या खाचेची, म्हणजे ड्रॉपआउटची. महागड्या फ्रेमला घडीव, जाड ड्रॉपआउट असतो आणि डिरेलर लावायचा कान त्याचाच भाग असतो. स्वस्त फ्रेमला जाड पत्रा कापून केलेला ड्रॉपआउट, आणि डिरेलर वेगळ्या पट्टीवर, एक्सलच्या नटाखाली धरलेला. या सायकलीला ती पट्टी होती. जाहिरातीच्या फोटोत ती बाजू नव्हती. उजव्या बाजूचा मागचा जवळून फोटो मागितला आणि मिळाला नाही, तर तिथेच थांबावं.

तिसरी खूण लोहचुंबक. रिमला लावलं आणि चिकटलं, म्हणजे रिम स्टीलची. यूओ-८ला २७ इंची क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम असत, पीएक्स-१०ला ॲल्युमिनियमच्या. हा फक्त ओळख पटवण्याचा प्रश्न नाही. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर जवळजवळ पकडच घेत नाही, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो. आल्तिनोच्या उतारावर अशी सायकल पावसात चालवणं धोक्याचं आहे, हे विकणाऱ्याने सांगायलाच हवं होतं. शिवाय टायर. २७ इंची रिमचा बसण्याचा व्यास ६३० मिमी, ७००सी या आजच्या सर्रास मापाचा ६२२, आणि आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरचा ६३५. ६२२चा चढत नाही, ६३५चा सैल बसतो आणि हवा भरल्यावर उडतो. टायरच्या कडेवर छापलेले आकडे वाचा आणि तो टायर तुम्हाला पुन्हा कुठे मिळणार हे घेण्याआधीच विचारून ठेवा.

‘सगळे भाग ओरिजिनल’ हा दावा तर एका मिनिटात पडला असता. मागचा डिरेलर शिमानोचा होता आणि त्याच्या पाठीवर ‘जेडी’ ही दोन इंग्रजी अक्षरं होती. शिमानोच्या त्या काळच्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे), दुसरं महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी). जेडी म्हणजे एप्रिल १९८५. १९७२च्या सायकलीवर १९८५चा भाग बदलून आलेला असू शकतो, त्यात गुन्हा नाही. पण मग त्याला ओरिजिनल म्हणायचं नाही.

खरं नुकसान झालं ते मात्र बीबीमध्ये, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या नळीत. यूओ-८ला मुळात कॉटर पिनने (पाचरीसारख्या खिळीने) बसवलेले स्टीलचे क्रँक होते. सायकल पीएक्स-१० दिसावी म्हणून ते काढून ॲल्युमिनियमचे लावले, आणि त्यासाठी बाजारात मिळणारा इंग्लिश मापाचा बीबी सेट घातला. इथे फ्रेंच आणि इंग्लिश आट्यांचा फरक समजून घ्यायला हवा. फ्रेंच नळीचं माप ३५ मिमी, आटा १ मिमीचा, आणि दोन्ही बाजू सरळ आट्याच्या. इंग्लिश माप १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी, इंचाला २४ आटे, आणि उजवी बाजू उलट्या आट्याची. डावा कप जोर लावला की दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. उजवा तर आट्याने जाऊच शकत नाही, तो ठोकूनच बसवावा लागतो. तसाच बसवला होता. वरून भरपूर ग्रीस. पहिले काही दिवस सगळं घट्ट वाटतं, मग कप हलायला लागतात, छर्रे घासतात आणि नळीतले आटे खाल्ले जातात.

पेडलचंही तसंच. फ्रेंच क्रँकला १४ × १.२५ मिमीचा आटा, इतरांना ९/१६ इंच, इंचाला २० आटे. हे जवळजवळ सारखे आहेत, म्हणूनच घातक. जबरदस्तीने घातलेलं पेडल वाकडं बसतं आणि चढावर सुटून येतं. हँडलच्या स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या, फ्रेममध्ये उतरणाऱ्या दांड्यात) फ्रेंच २२.० आणि बाकीचं २२.२ मिमी. स्टेम घासून आत घातल्याच्या खुणा दिसल्या तर ती सायकल चालवून बघण्यासाठीही चढू नये.

गंजाबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण जुन्या फ्रेमचा गंज आतून येतो. पावसाचं पाणी सीटपोस्टच्या फटीतून उतरतं आणि बीबीच्या नळीत साचतं. सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा, आत टॉर्च मारा, सायकल उलटी करून फ्रेमवर हलके ठोका. तपकिरी पूड आणि पापुद्रे पडले तर समजा. सीटपोस्ट निघतच नसेल तर व्यवहार सोडा : ॲल्युमिनियमची पोस्ट आणि स्टीलची नळी खारट ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात, आणि नंतर ती कापून काढावी लागते. मग चुंबक पुन्हा घ्या, यावेळी फ्रेमवर फिरवा. एखाद्या जागी पकड ढिली पडली तर तिथे रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेली असते. या सायकलीत ती खालच्या ट्यूबवर, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे दोन बोटांवर होती. तिथेच फ्रेम समोरून धडकल्यावर सुरकुतते. बोट फिरवल्यावर फुगवटा लागला, किंवा रंगात आडवी बारीक चीर दिसली, तर फ्रेम मोडीत गेली असं समजा.

फ्रेम सरळ आहे का, याला सुतळी पुरते. एका मागच्या ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. २-३ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे मागचा भाग वाकला आहे. चेनसाठी पट्टी ठेवा : बारा पूर्ण कड्या बारा इंचांत बसायला हव्यात, १/१६ इंच पुढे गेल्या की चेन बदलायची, १/८ गेल्या की फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) हीही. चाकाचा आउट, ब्रेकचं रबर, केबल हे किरकोळ, मेस्त्री काढून देतो.

हे सगळं व्हायला पाऊण तास लागतो. विकणारा घाई करत असेल, ‘दुसरं गिऱ्हाईक वाटेवर आहे’ म्हणत असेल, तर त्याला जाऊ द्या. सायकल न बघता टोकन पाठवू नका. ‘लष्करात आहे, बदली झाली, सायकल पार्सलने पाठवतो’ हा प्रकार तर सर्रास चालतो. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सायकलीला आरसी बुक नसतं, त्यामुळे कागद आपणच करायचा. बीबीच्या खाली किंवा ड्रॉपआउटवर कोरलेला फ्रेम नंबर, मॉडेलचं नाव, ‘भाग ओरिजिनल’ हे शब्द, रक्कम, तारीख, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. नंबर घासलेला असेल तर घेऊ नका. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच घ्या, कारण नंतर ती काढून टाकली जाते. पर्वरीच्या गृहस्थांकडे तो नव्हता, आणि खाजगी विक्रेत्यावर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही सहसा नसतो. खोटं सांगून पैसे घेतले हे दाखवता आलं तर कलम ३१८खाली पोलिसांत तक्रार करता येते. ऑनलाइन पैसे पाठवून सायकल मिळालीच नाही असं झालं, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

अशी सायकल आधीच घरात आली असेल, तर सुटी करण्यापूर्वी मेस्त्रीसमोर व्हिडिओ करा आणि बीबीचे कप स्वतः ओढून काढू नका. आटे थोडेच खराब असतील तर ३५ × १च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ होतात. पार गेले असतील तर नळी इटालियन ३६ मिमीच्या मापाला कापून आटे पाडता येतात, किंवा आट्यांशिवाय आतून फुगून पकडणारा बीबी बसवता येतो. मात्र या सायकलीत खालची ट्यूब सुरकुतली आहे, तेव्हा तिच्या बीबीवर पैसे घालू नयेत. माफाकचे ब्रेक आणि धडधाकट असलेले बाकीचे भाग काढून ठेवावेत, आणि फ्रेम भंगारात देताना तिची खालची ट्यूब कटरने आरपार कापून घ्यावी, नाहीतर तीच फ्रेम नव्या रंगात पुन्हा बाजारात येईल.