सातपूरचा पैलवानांसाठीचा ताकदीचा वर्ग: कोणी जावं, काय सांभाळावं

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये फक्त कुस्तीगिरांसाठी ताकदीचा वर्ग चालतो. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी, एका वेळी दहा-बारा पोरं. आरसे नाहीत, मशिनी नाहीत. बार, प्लेटा, वाळूची पोती, दोरखंड आणि शेजारच्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घेतलेला ढकलायचा लोखंडी स्लेड. तालमीतली मेहनत चालूच ठेवायची, तिला जोड म्हणून इथे यायचं.

सोमवार जड. फ्रंट स्क्वॉटचे, म्हणजे बार पुढून खांद्यांवर धरून मारलेल्या बैठकांचे, पाच-पाचचे चार सेट. शेवटची बैठक रखडली की पुढच्या सेटला ५ किलो कमी. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्याच्या पायात दम असतोच, पण दुहेरी पट काढून, म्हणजे दोन्ही पाय धरून, समोरच्याला उचलायला लागणारी ताकद नुसता आकडा वाढवून येत नाही, त्यासाठी वजन वाढवावं लागतं. मग दांड्यावर टॉवेल टाकून पुलअप, आणि ५० किलोचं पोतं छातीशी कवटाळून २० मीटर चालणं. पोतं मुद्दाम थोडं रिकामं ठेवतात. आतली वाळू सरकते आणि दर चार पावलांनी पकड नव्याने आवळावी लागते.

मानेचं काम मात्र खरोखर शाबासकी द्यावी असं. पुष्कळ ठिकाणी नवं पोरगं आलं की थेट पुलावर घालतात, म्हणजे डोकं जमिनीला टेकवून अंगाची कमान करायला लावतात. इथे पहिले सहा आठवडे फक्त रबरी पट्टा. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना ताण घ्यायचा आणि मान न हलवता १० सेकंद धरायची. त्यानंतर पूल, तोही आधी हातांच्या आधाराने. मानेचे स्नायू तयार नसताना सगळा भार मणक्यांवर जातो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही.

गुरुवारी हँग क्लीन, म्हणजे बार मांडीपासून झटक्यात खांद्यांवर घेणं, तीन-तीनचे पाच सेट. मग ३ मिनिटं काम, ३० सेकंद विश्रांती, पुन्हा ३ मिनिटं, कारण गादीवरची लढत तेवढीच असते. स्लेड, पोतं खांद्यावर घेणं, स्प्रॉल (पाय मागे फेकून अंग खाली टाकणं), असं फिरत राहायचं. दुसऱ्या फेरीत पोतं किती वेळा कमी उचललं गेलं ते वहीत लिहितात. ही वही पाहायला मागा, पोरगं सुधारतंय की नाही ते तिच्यात कळतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. दोन बारच्या बाह्या, म्हणजे प्लेटा चढवायची फिरती टोकं, जाम आहेत. क्लीनमध्ये बाही फिरली नाही की प्लेटांचा पीळ थेट मनगटात येतो. सेट लावण्याआधी बाही हाताने फिरवून बघा, अडकली तर बार बदलून घ्या. दुसरं म्हणजे टॉवेल पुलअपनंतर लगेच दोर चढायला लावतात. पंजा आधीच भरलेला असतो, मग पोरं कोपर ओढून वर जातात आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं धरतं. दोर गुरुवारी हलवायला हवा.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. सकाळी तालमीत काय झालं हे इथे कोणी विचारत नाही. सकाळी तीनशे जोर मारलेल्या पोराला संध्याकाळी बेंच प्रेस दिला तर खांद्याचा पुढचा भाग बोलायला लागणारच. बेंचच्या दिवशी जोर निम्मे करा, आणि हे वस्तादांना आधी सांगून ठेवा. त्यांना न विचारता मेहनत कमी केली तर पोराचीच ओढाताण होते.

सतरा वर्षांपुढच्या, गादीवर स्पर्धा खेळणाऱ्या पोराला हा वर्ग डोळे झाकून लावावा. त्याहून लहानांना जोर, बैठका, दोर आणि मानेचा पट्टा पुरे. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या जत्रांत मातीवर निकाली कुस्ती, म्हणजे चितपट होईपर्यंतची, धरणाऱ्यांनी मात्र गुरुवारचा भाग आहे तसा घेऊ नये. ती कुस्ती कधी अर्धा तासही चालते. त्यांना हलक्या पोत्यावर दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या लागतात. मागितल्या तर इथे तशा बसवून देतात, पण मागाव्या लागतात.