चित्रपटातल्या पात्राचं खातं काढायला इन्स्टाग्राम कितपत सोयीचं?

प्रदर्शनाआधी नायिकेच्या नावाने खातं चालवायचं असेल, तर आमची पहिली पसंती इन्स्टाग्रामलाच. फेसबुकवर वैयक्तिक प्रोफाइल खऱ्या माणसाचं लागतं, पात्रासाठी वेगळं पेज काढावं लागतं. इन्स्टाग्रामवर टोपणनाव सरळ चालतं.

मात्र जन्मतारीख खातं सांभाळणाऱ्याचीच द्या. नायिका सोळा वर्षांची म्हणून तिची तारीख टाकली, की खातं किशोरवयीनांचं ठरून आपोआप प्रायव्हेट होतं आणि प्रेक्षक बाहेरच राहतात. तेराच्या आतलं वय दिलं तर खातंच उघडत नाही.

मग सेटिंग्जमधून प्रोफेशनल खातं करा, त्यात ‘क्रिएटर’ निवडा आणि प्रकार ‘फिक्शनल कॅरेक्टर’ ठेवा. हा प्रकार प्रोफाइलवर दिसू द्या. ‘बिझनेस’ घेतलंत तर बरीचशी लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या छोट्या परिचयात, चित्रपटाचं नाव हवंच. चेहरा खऱ्या अभिनेत्रीचा असतो. उल्लेख नसेल तर कुणीही तोतयेगिरीची तक्रार करू शकतं.

युजरनेम रोमन लिपीतच घ्यावं लागतं. प्रोफाइलवर दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवा, शोधताना तेही सापडतं. पण ते पक्कं करूनच टाका, कारण चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं. बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीला ती फार लवकर भरते. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ डोळ्याला दीड अक्षर, मोजणीत सहा! जोडाक्षरं टाळून लिहा.

खरी उणीव भूतकाळाची. पात्राला मागचं आयुष्य असतं, पण इथे पोस्टला जुनी तारीख देता येत नाही. फेसबुक पेजवर देता येते. त्यामुळे शाळेचे, गावच्या जत्रेचे फोटो आधी टाका, कथेचा वर्तमान नंतर. काळ कॅप्शनमधून कळू द्या. प्रोफाइलवरची फोटोंची मांडणी, म्हणजे ग्रिड, आता 3:4 उभी आहे, चौकोनी स्टिल्स दोन्ही बाजूंनी कापली जातात. रिक्षा चालवणाऱ्या नायिकेचा हात हँडलवर आणि मीटर कडेला असेल, तर ग्रिडमध्ये नेमका मीटरच जातो. सेटवरच उभे फोटो काढून घ्या.

खात्याचा ईमेल निर्मितीसंस्थेचाच द्या. एखाद्या सहायकाच्या मोबाइलवर ओटीपी जात असेल आणि तो काम सोडून गेला, तर ऐन प्रदर्शनाच्या आठवड्यात खातं उघडेनासं होतं.