दाबाची एककं बदलायला: कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

प्रेशर गेज आणि व्हॅक्यूम गेज कॅलिब्रेट करणं हे माझं रोजचं काम. टेबलावरचा बॅरोमीटर हेक्टोपास्कल दाखवतो, जुन्या गेजच्या डायलवर किग्रॅ/सेमी² छापलेलं असतं, व्हॅक्यूम गेजवर मिमी पारा आणि मधूनच एखादा पीएसआयवाला (पौंड प्रति चौरस इंच) येतो. या सगळ्यांचा मेळ घालायला मी कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरतो. नुसत्या याच कामासाठी घेतला तरी पैसे वसूल आहेत.

रूपांतराची सोय शिफ्ट आणि ८ या बटणांवर आहे. आधी आकडा, मग शिफ्ट-८, मग दोन अंकी कोड आणि बरोबरचं बटण. एकूण ४० कोड, त्यातले दाबाचे ८. २५-२६ ॲटमॉस्फिअरसाठी, २७-२८ मिमी पाऱ्यासाठी, ३१-३२ किग्रॅ/सेमी² साठी, ३५-३६ पीएसआयसाठी. विषम कोड पास्कलकडे नेतो, सम कोड परत आणतो. मी एवढेच आठ कोड चिठ्ठीवर लिहून झाकणाला आतून चिकटवलेत.

१ टाकून ३१ दिला की ९८०६६.५ येतं, २५ दिला की १०१३२५. जुन्या इंजिनिअरिंगमधलं ॲटमॉस्फिअर म्हणजे १ किग्रॅ/सेमी², आणि प्रमाणित ॲटमॉस्फिअर म्हणजे ७६० मिमी पारा. दोन्हींत ३.३ टक्क्यांचा फरक आहे. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ही दोन्ही ‘एटी’ आणि ‘एटीएम’ अशी एकाखाली एक दिसतात, घाईत बोट भलत्याच ओळीवर पडतं. इथे स्क्रीनवर किग्रॅ/सेमी² चं पूर्ण चिन्ह उमटतं, त्यामुळे घोटाळ्याला जागाच राहत नाही.

हेक्टोपास्कल, मिलिबार आणि बार यांना कोड नाही, पण त्यावाचून अडत नाही. १ मिलिबार म्हणजेच १ हेक्टोपास्कल, म्हणजे १०० पास्कल. दोन शून्यं वाढवली की झालं. सांभाळायचं ते पीएसआयच्या वेळी. बाकीचे कोड पास्कलमध्ये बोलतात आणि ३५-३६ मात्र किलोपास्कलमध्ये. म्हणून १०१३.२५ हेक्टोपास्कलचे पीएसआय काढताना आधी १० ने भागायचं, मग ३६; उत्तर १४.६९६. इंच पारा यादीत नाही, त्याला वळसा घालून जाता येतं. २९.९२ टाकून ०१ ने इंचाचे सेंटीमीटर करायचे, १० ने गुणून मिमी, मग २७. पास्कल येतात, १०० ने भागले की १०१३.२ हेक्टोपास्कल. मधली उत्तरं पुन्हा टाकावी लागत नाहीत.

खरी कसोटी व्हॅक्यूमची. समजा बॅरोमीटर ९४६ हेक्टोपास्कल दाखवतोय आणि कंडेन्सरचा (वाफेचं पाणी करणाऱ्या यंत्राचा) गेज ६८० मिमी व्हॅक्यूम, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ६८० मिमी पाऱ्यानं कमी. ९४६०० टाकून २८ दिला की ७०९.६ मिमी येतात. त्यातून ६८० वजा केले की आत उरतो २९.६ मिमी ॲब्सोल्यूट दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला. सवयीनं ७६० धरून वजाबाकी केली असती तर ८० मिमी आले असते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. या दाबांना पाणी अनुक्रमे सुमारे २९ आणि ४७ अंश सेल्सिअसला उकळतं. कंडेन्सर चांगला चाललाय की बिघडलाय, हा निकालच त्यात फिरतो. हीच चूक ७ किलो (म्हणजे किग्रॅ/सेमी²) दाखवणाऱ्या स्टीम गेजवर केली तर फरक जेमतेम ०.०७ किलोचा. ०-१० किलोच्या, १.६ क्लासच्या गेजला मुळात पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ किलोची सूट असते, त्यामुळे तिथे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि नेमकी तिथेच ७६० धरायची सवय लागते.

गेज दाब (बाहेरच्या हवेच्या वर किती) आणि ॲब्सोल्यूट हा भेद कॅल्क्युलेटरला कळत नाही. ‘७ किलो’ गेजवरचे असतील तर ॲब्सोल्यूट काढताना त्यात हवेचा दाब आपणच मिळवायचा. ९४६०० ला ३२ दिला की ०.९६४६५ येतं, बेरीज ७.९६५. स्टीम टेबल (कोणत्या दाबाला वाफेचं तापमान किती, याचे तक्ते) उघडण्याआधी हे करायलाच हवं, कारण त्यातले दाब ॲब्सोल्यूट असतात.

हवेच्या दाबाचा आकडा कुठून घेता, तेही बघा. हवामानाच्या नकाशावरचे हेक्टोपास्कल समुद्रसपाटीला आणलेले, म्हणजे तिथे किती असते तसे हिशेबानं बदललेले असतात. उंचावरच्या ठिकाणी तो आकडा या हिशेबात घातला तर कॅल्क्युलेटर कितीही अचूक असला तरी उत्तर चुकणार. गेजशेजारच्या बॅरोमीटरचंच, समुद्रसपाटीला न आणलेलं रीडिंग घ्यायचं.