बनी तो बनी, नहीं तो गळती : दोन उन्हाळे वापरलेल्या फ्लेअरिंग टूलबद्दल

हत्यार काय ते आधी सांगतो. एसीच्या तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं क्लचवालं एक्सेंट्रिक फ्लेअरिंग टूल. निळा प्लास्टिकचा डबा, आत टूल, नळी पकडायची भोकांची पट्टी, एक पाइप कटर आणि कापलेल्या तोंडाची आतली कड साफ करायचा एक रीमर. मागच्या वर्षी फेब्रुवारीत नांदेडच्या एका दुकानातून घेतलं. दुकानदार चौतीसशेवर अडून बसला होता, बत्तीसशेत जमलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हेच टूल, हाच डबा, वरचा स्टिकर बदलून तीन-चार नावांनी विकतं. दुकानात गेलात की फोटो दाखवायचीही गरज नाही, "क्लचवालं द्या" म्हणायचं.

मी परभणीत स्प्लिट एसी बसवतो आणि दुरुस्त करतो. आयटीआय झाल्यावर चार वर्षं उस्तादांच्या हाताखाली होतो, आता सहा वर्षं स्वतःचं आहे. मोटरसायकल, मागं हेल्पर, हेल्परच्या मांडीवर व्हॅक्युम पंप.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी थोडं. घरातली पेटी आणि गच्चीवरची पेटी यांना तांब्याच्या दोन नळ्या जोडतात. आम्ही त्या सुतात मोजतो, इंचाची आठ सुतं. दीड टनाला बहुतेक वेळा दोन सुताची आणि चार सुताची. दोन नळ्या म्हणजे चार टोकं, आणि प्रत्येक टोक कर्ण्यासारखं फुलवून, ४५ अंशात, नटाखाली बसवायचं. त्या फुलवलेल्या तोंडाला फ्लेअर म्हणतात. ना रबर, ना वॉशर, ना डिंक. तांबं पितळेवर दाबून बसतं, बस्स. तिथं केसाएवढी चीर राहिली तरी गॅस वाट काढतो.

आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, गॅस संपला. गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीत गोल गोल फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. दरवर्षी मार्चमध्ये गॅस भरून घेणारी घरं मला माहीत आहेत, वर्षानुवर्षं तीच एक गळकी फ्लेअर पोसतात. त्यावर आमच्यातल्या काहींचं घरही चालतं, हेही खरं.

पूर्वी हे खपून जायचं. आर-२२ गॅस होता तेव्हा ४० अंशाला बंद मशीनमधलं प्रेशर, म्हणजे दाब, दोनशे पीएसआयच्या (दाबाचं माप) थोडं वर असायचं. आता आर-३२ आला, त्याचं त्याच तापमानाला साडेतीनशेच्या जवळ जातं. आणि ४० अंश म्हणजे परभणीत मे महिन्यात गच्चीवर सकाळचे साडेदहा. दुपारचं विचारू नका. गंमत अशी की बहुतेक स्प्लिट मशीनमध्ये थंडाव्यावर चालू असताना या दोन्ही नळ्यांत प्रेशर कमी असतं, मशीन बंद झालं की वाढतं. म्हणून पावसाळा-हिवाळा जे मशीन झाकून ठेवलं, तेच होळीनंतर चालू केल्यावर नुसती हवा फेकतं.

आता हे टूल घ्यायची वेळ का आली ते.

जिंतूर रोडला एका दवाखान्यात, सोनोग्राफीच्या खोलीत दीड टनाचं इन्व्हर्टर एसी बसवलं. एप्रिलचा पहिला आठवडा, दिवसातलं तिसरं काम, दुपारचे चार. बाहेरची पेटी पत्र्याच्या शेडवर, गुडघ्याखाली गोणपाट टाकून बसलो होतो. माझ्याकडं तेव्हा साधं टूल होतं, आठशे रुपयांचं. वरचा स्क्रू फिरवायचा, शंकू सरळ खाली उतरतो आणि नळीचं तोंड फाकवतो. कुठं थांबायचं ते टूल सांगत नाही, हातानं ओळखायचं. आणि चार वाजता, त्या पत्र्यावर, घामेजल्या हाताला काही ओळखू येत नाही. चार सुताच्या नळीवर अर्धा फेरा जास्त गेला. मला कळलं होतं. कळूनही मी नट चढवला, कारण खाली पेशंट बसले होते आणि नळी तोडून परत करायला लांबी पुरते की नाही याची धास्ती होती.

अठरा दिवसांनी फोन. गेलो तर बाहेरच्या पेटीजवळ दोन सुताच्या नळीवर बर्फाची पांढरी साय. गॅस कमी झाल्याची ही जुनी खूण. शाम्पूच्या पुडीचा फेस करून लावला, तर चार सुताच्या नटापाशी बारीक बारीक बुडबुडे. नट खोलला. फ्लेअरच्या कडेला नखात अडकेल अशी चीर. सरळ शंकू तांब्याला घासत, ताणत जातो, कड पातळ होते, आणि पातळ कडेवर नट आवळला की ती फाटते. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही मागच्या वेळी गॅस भरला होता का हवा?" मशीनची वॉरंटी कंपनीची असते, जोडणीची आमच्या हाताची. नवीन गॅस वजनकाट्यावर तोलून भरला, खर्च माझा, आणि तो दिवस फुकट गेला.

त्या उन्हाळ्यात आणखी दोनदा असंच झालं. पुढच्या फेब्रुवारीत नांदेडची गाडी पकडली.

या टूलमध्ये फरक काय तो सांगतो. शंकू मधोमध नसतो, जरा बाजूला असतो. हँडल फिरवलं की तो नळीच्या तोंडात कडेकडेनं गोल फिरतो आणि तांबं सगळीकडून सारखं लाटत जातो, पोळीची कड लाटावी तसं. फाकवत नाही, लाटतो. म्हणून आतली बाजू आरशासारखी निघते. आणि पुरेसं झालं की क्लच सुटतो, हाताला "कट्" लागतं, पुढं हँडल नुसतं फिरतं. तुम्ही दमलेले असा, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असो, ते तिथंच सुटतं. मी बत्तीसशे रुपये त्या "कट्"चे दिले असं समजतो.

पहिल्या दहा फ्लेअरींची रुंदी व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, मोजली. चार सुताची १६.२ ते १६.६ मिलिमीटरमध्ये बसली पाहिजे, नऊ बसल्या. दहावी, म्हणजे खरं तर सगळ्यात पहिली, माझ्या सवयीनं बिघडली. साध्या टूलला नळी पट्टीच्या वर मिलिमीटर-दीड मिलिमीटर काढावी लागते. याला पट्टीच्या जवळपास बरोबरीत, फार तर अर्धा मिलिमीटर. मी दीड काढली, फ्लेअर एवढी मोठी झाली की नटात जाईना. नवीन घेणाऱ्यानं घरी तुकड्यांवर सराव करूनच कामावर न्यावं.

दोन उन्हाळ्यांत माझ्या नव्या जोडण्यांपैकी फ्लेअरमुळं परत बोलावणं आलं ते एकदाच, आणि ते मानवतला. जिनिंगच्या ऑफिसात मशीन बसवत होतो. तिथं हवेतच कापूस असतो, बाहेरच्या पेटीची जाळी महिन्यात गोधडीसारखी होते. शंकूला मी तेलाचा थेंब लावलेला, त्याला सरकीचे तंतू चिकटले, आणि एक तंतू तांब्याबरोबर लाटला गेला. फ्लेअरवर केसासारखी रेघ. मी पाहिली नाही. तेव्हापासून खिशात धुतलेल्या बनियनचा तुकडा असतो, प्रत्येक फ्लेअरीआधी शंकू पुसायचा.

आता तक्रारी. सोबतचा कटर कामाचा नाही. पंधरा दिवसांत चाक बोथट झालं, नळी कापण्याऐवजी चेपायला लागलं. चेपलेल्या नळीवर कितीही भारी टूल लावा, फ्लेअर लांबटच येणार. रीमर तर खेळण्यातला. हे दोन्ही वेगळे घ्या, सहा-सातशे अजून धरा. रीमर मारताना नळीचं तोंड खाली ठेवायचं, नाहीतर तांब्याचा कीस नळीत पडतो आणि तो थेट कॉम्प्रेसरपर्यंत प्रवास करतो. एवढी साधी गोष्ट, पण दहापैकी आठ पोरं तोंड वर करूनच रीमर फिरवतात. आमचा हेल्परसुद्धा. "कामून तसं धरायलास?" विचारलं की हसतो आणि उलटं धरतो, पुढच्या कामाला परत तेच.

दुसरी तक्रार जागेची. टूल लांब आहे, हँडलचा घेर मोठा. मोकळ्या गच्चीवर राजा, पण घरातल्या पेटीमागं भिंतीतून चार-पाच इंचच नळी बाहेर आली असेल तर हे बसतच नाही. तिथं ते जुनं आठशेवालं काढावं लागतं. म्हणजे जुनं भंगारात देऊ नका.

डब्याची कडी तिसऱ्या महिन्यात तुटली. वजनही आहे, हेल्परला विचारा.

पातळ नळीबद्दल एक गोष्ट. बाजारात स्वस्तात २२ गेजची नळी मिळते, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची. आर-३२ ला ०.८ च्या खाली जाऊ नये. पातळ नळी या टूलच्या पट्टीत जरा घसरते आणि पट्टीचे दात नळीवर उमटतात. तो दोष टूलचा नाही, पण गिऱ्हाइकानं आधीच स्वस्त नळी आणून ठेवलेली असली की भांडण आपल्याच माथी. मी आता सरळ सांगतो, नळी माझी, नाहीतर काम दुसऱ्याला द्या.

आणि नट. फ्लेअर कितीही देखणी असो, आवळण्यात चुकलं तर सगळं मातीत. एका कंपनीच्या ट्रेनिंगला मला टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोरानं आवळला ते सांगणारा पाना, हातात मिळाला होता. दोन सुताच्या नटाला १४ ते १७ न्यूटन मीटर लागतं, चार सुताला ५० ते ६०. आम्ही सगळ्यांनी आधी हातानं आवळून दाखवलं. जवळजवळ प्रत्येकानं दोन सुताचा नट नको इतका पिळला आणि चार सुताचा ढिला ठेवला. मीही त्यातच. टॉर्क रेंच मी अजून घेतलेला नाही, लाज वाटते सांगायला. टपारियाचे दोन स्क्रू पाने आहेत, आठ इंची आणि दहा इंची, एकानं व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. नाशिकचा माल, सहा वर्षं झाली, जबडा अजून खिळखिळा झालेला नाही. एकाच पान्यानं आवळणारे पाहिले की अंगावर काटा येतो. नळी पिळवटते आणि दिसतसुद्धा नाही.

घ्यायचं तर कुणी घ्यावं? महिन्याला दोन-चार मशीन बसवणाऱ्यानं जुन्यावरच भागवावं, चांगला कटर घ्यावा आणि सावकाश काम करावं. मार्च ते जून रोज तीन जोडण्या करणाऱ्यानं उधारी करून घ्यावं. दोनदा फुकट गॅस भरायचा वाचला की पैसे वसूल. पाचपैकी साडेतीन देतो. एक कटर-रीमरचा कापला, अर्धा कडीचा.

साडेतीनच का, याचं खरं कारण मात्र उस्ताद. साठीचे आहेत, तेच आठशेवाल्या जातीचं टूल, पितळेचा स्क्रू झिजून गुळगुळीत झालेला. त्यांची फ्लेअर गळालेली मी पाहिली नाही. स्क्रू पाऊण फेरा पुढं, पाव फेरा मागं, परत पाऊण पुढं, असं पाळण्यासारखं झुलवत ते जातात. मध्येच डोळे मिटतात. त्यांच्याकडं शिकत होतो तेव्हा माझ्या फ्लेअरी हातात घेऊन म्हणायचे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी," आणि नळी कापायला लावायचे. परत, परत. तीन फूट नळी मी नुसती शिकण्यात कापली असेल एका दिवसात.

गेल्या महिन्यात वसमत रोडच्या एका कामावर ते भेटले. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही एकदा हे मारून बघा." त्यांनी नळी लावली, हँडल फिरवलं. "कट्" झालं तसे दचकले. मग नळी बाहेर काढून उन्हाकडं धरली, कडेवरून अंगठ्याचं नख एकदा पूर्ण फिरवलं, आतल्या चकाकीवर करंगळी टेकवली. मी वाट बघत होतो. त्यांनी टूल पुसलं, डब्यात जागच्या जागी ठेवलं, झाकण लावायला गेले आणि तुटलेली कडी हातात आली.

"इसको ट्यूब का रबर बांध," म्हणाले. त्यांच्याच पिशवीत सायकलच्या ट्यूबची एक पट्टी निघाली. डब्याला अजून तीच आहे.