‘टेस्टेड ओके’ कॉम्प्रेसरच्या नावाखाली गंजलेलं भंगार: माझे १७,७०० रुपये गेले

माझी २०१२ ची थार डीआय आहे, एसी नसलेली. चिखलात उतरताना टायरची हवा कमी करायची आणि डांबरीवर आलं की परत भरायची, यात बॅटरीवरचा छोटा पंप जीव खातो. म्हणून भंगारातला एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर बसवून गाडीतच हवेची सोय करायची ठरवलं. कल्पनेत काही चूक नाही, अनेक जीपवाले हे वापरतात.

पुण्याकडच्या एका जुन्या स्पेअरवाल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला होता. प्रेशर मीटरचा काटा १२० पीएसआयपर्यंत चढताना दिसत होता. फक्त मीटर! कॉम्प्रेसर आणि मीटर एका चौकटीत एकदाही नव्हते. कॉम्प्रेसर ६,५००, ब्रॅकेट-बेल्ट २,८००, टँक-स्विच-पाइप ४,९००, असे १४,२०० ठरले. दहा हजार यूपीआयने आगाऊ दिले, उरलेले ४,२०० माल घेताना रोख. रोख देऊ नका. त्याचा माग राहत नाही.

माल घ्यायला गेलो तेव्हाचा तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. त्याने पुलीला बोटाने झटका दिला आणि म्हणाला, “बघा दादा, लोण्यासारखा फिरतोय.” पुली फिरणारच! ती स्वतःच्या बेअरिंगवर असते. क्लचला करंट मिळाल्याशिवाय तिचा आतल्या शाफ्टशी संबंधच येत नाही. फिरवून बघायची असते ती पुढची क्लच प्लेट. हवा बाहेर पडते त्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि प्लेट हाताने फिरवायची. अंगठ्याला ठोके जाणवले तर कॉम्प्रेसर जिवंत. दोन्ही तोंडं बुचाशिवाय उघडी होती, तीही मी पाहिली होती. उघड्या तोंडातून ओल शिरते आणि आतलं सगळं गंजतं.

पण मी काही मेकॅनिक नाही. ज्या फिटरने ३,५०० घेऊन तो बसवला, त्यानेही प्लेट फिरवून पाहिली नाही. स्पेअरवाल्याने कच्च्या बिलावर ‘टेस्टेड ओके’ लिहून दिलं असताना गिऱ्हाइकाने अजून काय करायचं?

स्विच दाबताच क्लच खटकला, बेल्ट किंचाळला आणि रबर जळल्याचा धूर आला. उघडल्यावर पिस्टन जागच्या जागी जाम. “तेलाची गरज नाही” असं स्पेअरवाला म्हणाला होता, तेही खोटं. एसीत गॅसबरोबर तेल फिरत राहतं, नुसती हवा ओढताना ते मिळत नाही. हवा आत जाते तिथे तेलाची सोय आणि बाहेर पडते तिथे तेल गाळणारा फिल्टर लागतो.

फोन केला तर “फिटिंग चुकलं” म्हणाला, आणि मग ब्लॉक.

चौकीवर पहिला प्रश्न मलाच: “भंगारातून घेतलंच कशाला?” मग, “हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा.” सायबर विभागात सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल मिळाला, मग फसवणूक कसली? खोटा व्हिडिओ दाखवून पैसे काढणं फसवणूक नसेल तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? अर्ज ठेवून घेतला, पण पोच देईनात. वर एकाने विचारलं, गाडीत हा बदल करायला परवानगी होती का? म्हणजे गुन्हेगार मीच! तो माणूस आजही तोच व्हिडिओ फिरवतोय आणि कुणाला त्याच्या दारापर्यंत जायची इच्छा नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बिल कच्चं असलं तरी जपा. चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधी काढा.

टँकचं तर पोलिसांनी ऐकूनही घेतलं नाही. काळा रंग खरवडला तर खाली फिकट निळा निघाला, आणि ‘पुन्हा भरू नये’ असा इंग्रजीत इशारा. एसी गॅसचा एकदाच वापरायचा पातळ पत्र्याचा सिलिंडर, त्याला नळ्या वेल्ड केलेल्या. तो माझ्या सीटमागे बसवला होता, जिथे माझी मुलगी बसते. त्या माणसाकडून कुणी काळा रंगवलेला टँक घेतला असेल तर त्यात हवा भरू नका. भरलेली असेल तर आजच दाब सोडा आणि तो गाडीतून काढा.