पुणे ते सावंतवाडी : सीएनजी की ऐंशीच्या वेगाने पेट्रोल?

निपाणी, आजरा, आंबोली या मार्गाने आम्ही दरवर्षी गणपतीला सावंतवाडीला जातो. चार वर्षे हा प्रवास सीएनजीच्या गाडीने केला आणि गेली दोन वर्षे पेट्रोलच्या गाडीने करत आहोत.

किलोमीटरमागचा खर्च पाहिला तर सीएनजी स्वस्त पडतो, यात वाद नाही. रोज शहरात चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याने तोच घ्यावा. लांबच्या प्रवासात मात्र डिकी सिलिंडरने अडते, बॅगा टपावरच्या कॅरिअरवर जातात आणि त्या वाऱ्याला आडव्या आल्या की ॲव्हरेज उतरते. आंबोलीच्या चढावरही गाडी थोडी जड वाटत असे.

हे सारे चालवून घेतले असते. अडचण प्रेशरची होती. गाडीतील टाकी 200 बार दाबापर्यंत भरते, पण जिथे पाइपलाइन पोहोचलेली नाही, त्या पंपांवर गॅस ट्रकवरील सिलिंडरांतून येतो आणि ते रिकामे होत जातील तसा दाब घटत जातो. एका रात्री साताऱ्याच्या पुढे पाऊण तास रांगेत काढल्यावर आमचा नंबर लागला. गॅस भरताना गाडीत कोणी बसायचे नसते, म्हणून गाढ झोपलेल्या आईला उठवावे लागले. तिची एक चप्पल सीटखाली सापडेना, तेव्हा ती माझा दंड धरून ओल्या फरशीवर अनवाणीच उभी राहिली. मीटर पाच किलोवर थांबला. नियम सुरक्षिततेचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु तेवढ्या गॅसवर निपाणी जेमतेम गाठता आली असती आणि पुढे पुन्हा हेच करावे लागणार होते.

पेट्रोलच्या गाडीत बचत वेगातून होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ऐंशीपेक्षा शंभरच्या वेगाला तो दीडपटीहून अधिक असतो. माझ्या टाकी-ते-टाकी हिशेबात शंभरला सतराचे आणि ऐंशीला विसाच्या आसपास ॲव्हरेज मिळते. इतरांच्या गाडीत आकडे वेगळे असू शकतील. शिवाय कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने पुण्यातून निपाणीपुरतेच भरतो आणि जाता-येता तिथे टाकी फुल्ल करतो.

तरीही सीएनजीपेक्षा खर्च काहीसा अधिक होतो, हे मान्य करायला हवे. तुमच्या वाटेवर भरवशाचा, पूर्ण दाबाचा पंप असेल तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल. ऐंशीने जाताना निपाणीपर्यंत अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण पूर्वी तेवढा वेळ एका रांगेतच जाई. आता आई आजऱ्यापर्यंत मागच्या सीटवर निवांत झोपते.